मदत हवी आहे: भीतीच्या शिडीत मधली पायरी सुचवा

सोशल अँक्झायटीच्या (लोकांसमोर वावरताना वाटणारी तीव्र भीती) सरावगटासाठी 0 ते 100 गुणांची शिडी करतोय, म्हणजे भीतीचे प्रसंग सोप्यापासून अवघडापर्यंत लावून एकेकाचा सराव करायचा; गुण जास्त तितकी भीती जास्त. दुकानात भाव विचारून काही न घेता निघणं 30, भरल्या एसटीत 'मास्तर, सुट्टे राहिले' म्हणणं 40, आणि मग एकदम चारचौघांत फोनवर बोलणं 75! मधली 55-60 ची पायरी सुचवाल का? रोज करता यावी आणि दहा-पंधरा मिनिटं तरी चालावी. लगेच सुटका झाली की मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो.

दुसरं, काहीजण कानात हेडफोन घालून जातात, काही वाक्यं घोकून. हे छुपे आधार पहिल्या दिवसापासून काढायचे की हळूहळू? हेडफोन निदान दिसतो तरी. मनातली घोकंपट्टी कशी पकडता?