लळिंगचा ‘खजिना’, तांब्याचा नकाशा आणि कोरीव दगड

गिरणाकाठ :
तांब्याच्या पत्र्यावरचा नकाशा आणि सूर्य, चंद्र व बाण कोरलेला दगड यांची छायाचित्रे टाकून काल या मंचावर असा दावा करण्यात आला की, १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती जाताना खान्देशच्या फारुकी सुलतानांनी धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्याच्या पायथ्याशी खजिना पुरला. हे वाचून स्वस्थ बसवत नाही. जुने ताम्रपट ठोकून घडवलेले असल्यामुळे त्यांची जाडी सर्वत्र सारखी नसते, अक्षरे घासली जाऊ नयेत म्हणून अनेकांच्या कडा उचललेल्या असतात, आणि एकाहून अधिक पत्रे असल्यास ते कडीत ओवून तिच्यावर मुद्रा बसवलेली असते. छायाचित्रातला पत्रा मात्र कातरीने कापलेला आणि एकसारखा सपाट आहे. ज्या दरबाराचा लेखनव्यवहार फारसीत चाले, त्याचा गुप्त नकाशा देवनागरीत कोण काढील? दगडावरचे सूर्यचंद्र तर वीरगळांवर, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळांवर, आणि दानशिळांवर नेहमीच आढळतात. ते दान किंवा ती स्मृती चिरकाल टिको, एवढाच त्यांचा अर्थ आहे.

सातपुडा :
तो धागा माझाच होता, भाऊ. खजिन्याची नोंद तांब्यावर होत नाही, असे तुम्हाला सुचवायचे असेल तर ते साफ चूक आहे. १९५२ मध्ये मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत तांब्याची गुंडाळी सापडली, ती मँचेस्टरमध्ये कापून उघडावी लागली आणि तिच्यात साठाहून अधिक ठिकाणी पुरलेल्या धनाची यादी निघाली. माझ्या आजोबांना नांगरताना नाण्यांचे गाडगे सापडले होते, हे आमचे सारे गाव जाणते. खान्देशात काही निघाले की ते बनावटच ठरवायचे, ही वृत्ती मला अपमानास्पद वाटते.

गिरणाकाठ :
कुमरानचे उदाहरण मला मान्य करावे लागेल. पण ती लिखित यादी आहे, रेखाटलेला नकाशा नव्हे, आणि तिच्यातले धन अजून कोणाच्या हाती लागलेले नाही. आजोबांच्या गाडग्याने तुमचा पत्रा खरा ठरत नाही. माझ्या मामांनी असाच एक ‘प्राचीन’ पत्रा विकत घेऊन शेत गहाण टाकले होते. त्यावरचा हिरवा थर ओल्या बोटाने पुसला गेला. खरा गंज धातूला घट्ट धरून असतो.

पाटणादेवी परिसर :
पत्र्याचे राहू द्या, दगडाकडे पाहा. त्यावर ऑइलपेंट फासलेला आहे! आपल्या काळ्या पाषाणावर हवापाण्याने तपकिरी साय धरते. कोरीव रेघेच्या आतही ती तशीच असेल तर काम जुने, आणि रेघ आतून ताजी काळी किंवा ग्राइंडरने कापल्यासारखी गुळगुळीत असेल तर नवे. रंगाखाली हा पुरावाच झाकला जातो. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख वाचता आला म्हणून भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तेथे मठ स्थापल्याचे आपल्याला कळले. त्यावर कोणी रंगाचे थर चढवले असते तर काय उरले असते? आमच्या गावच्या वीरगळाबद्दल मी संबंधित कार्यालयाला अर्ज दिला होता, त्याला आजवर उत्तर नाही.

सातपुडा :
ताई, तो दगड आमच्या शिवारातले दैवत आहे. शेंदूर आणि रंग आमच्या वाडवडिलांच्या श्रद्धेचे आहेत. पुरावा झाकण्याचा आरोप मी ऐकून घेणार नाही.

पाटणादेवी परिसर :
वाडवडील शेंदूर लावीत, ऑइलपेंट नव्हे. पूजा अवश्य करा, परंतु कोरीव भाग मोकळा ठेवा. दगडाखाली खणण्याचा विचार असेल तर तो आजच सोडा, कारण जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. गुप्तधनाविषयीचा १८७८ चा हा कायदा अजून लागू आहे. शिवाय बुडाशी खणले की दगड कोणत्या थरात उभा होता, हे पुन्हा कोणालाच सांगता येणार नाही.

सातपुडा :
खणणार नाही, एवढे मान्य करतो. पत्रा जाणकाराला दाखवीन आणि दगडाच्या एका बाजूचा रंग गावाला विचारूनच काढू देईन. मात्र तपासणी होईपर्यंत दोन्ही वस्तूंना बनावट म्हणण्याचा अधिकार मी तुम्हा दोघांनाही देत नाही.

गिरणाकाठ :
दगडाबद्दल थांबतो. पत्र्याबद्दल माझे मत कायम आहे.