उत्तर: अभ्यासिका असताना कॅफे कशाला?

'सदाशिव पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका असताना कॉफीवर पैसे कशाला उडवायचे?' हा वरचा प्रश्न रास्त आहे. एमपीएससीचं पाठांतर करायचं असेल तर अभ्यासिकाच बरी. तिथे पान उलटल्याचाही आवाज होतो आणि शेजारचा वर बघतो!

पण प्रोजेक्टचा अहवाल लिहिताना मला ती शांतता अंगावर येते. म्हणून कर्वे रस्त्यालगतच्या एका 'स्टडी कॅफे'त गेले. प्रत्येक टेबलाला प्लग पॉइंट, डोळ्यांवर न येणारा दिवा, आणि फोनवर बोलायला काचेपलीकडची वेगळी जागा. खुर्च्या मुद्दाम जरा कडक ठेवल्या असाव्यात. सोफ्यावर अभ्यास होत नाही, झोप होते. गाणी होती, पण शब्दांविना. हे सगळ्यात आवडलं, कारण शब्द कानावर पडले की लिहिणं अडतंच.

थोड्या गोंगाटाच्या बाजूने पुरावाही आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सुमारे ७० डेसिबल आवाजात लोकांना कल्पकतेची कामं ५० डेसिबलपेक्षा चांगली जमली. ८५ ला मात्र गाडी घसरली. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी फर्ग्युसन रस्त्यावरच्या नेहमीच्या कॅफेत लॅपटॉप उघडण्यात अर्थ नाही.

स्टडी कॅफेतल्या कॉफीची चव बेताचीच, पण तिथे पैसे खरे जागेचे असतात. संध्याकाळी उशिरा गेलात तर कॉफीऐवजी सरबत घ्या. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायलाच साधारण ५ तास लागतात.