बी-विंग ग्रुप: लिफ्टमधलं गवत

कुलकर्णी काका ३०१: लिफ्टच्या दाराच्या खाचेत आज पुन्हा गवत. दार अर्ध्यावर अडकलं. मागच्या वेळचं लिफ्टवाल्याचं बिल सगळ्यांना आठवत असेलच. नाव घेत नाही.

शिल्पा ४०४: घ्या की काका. विंगमध्ये ससा एकच आहे. सॉरी, गवताची पिशवी फाटली. लगेच झाडलं.

कुलकर्णी काका ३०१: झाडलं ते वरवरचं. खाचेतलं तसंच आहे.

मंदार १०२: पिशवीभर गवत? दिवाळीत तर 'ओंजळीत मावतो' म्हणत होतात 😄

शिल्पा ४०४: फसलो हो. 'नेदरलँड ड्वार्फ आहे, एवढाच राहणार' म्हणून दुकानदाराने गळ्यात मारला. पिल्लं काय, सगळीच मुठीएवढी असतात. खरा ड्वार्फ पूर्ण वाढून किलोभर. आमचा बंटी परवा पावणेतीन भरला.

मंदार १०२: मग गटारीपर्यंत चार होईल!

शिल्पा ४०४: रेवा हा ग्रुप वाचते. डिलीट करा प्लीज.

मंदार १०२: गंमत केली हो.

सेक्रेटरी: १०२चा दोन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे. ही गंमत नाही.

कुलकर्णी काका ३०१: खाचेतलं गवत.

नेने आजी २०२: गवत कशाला घालतेस बाळा, गाजर दे.

शिल्पा ४०४: आजी, गाजर गोड असतं, तुकडाभरच चालतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, वाळकं गवत चावून चावून झिजतात. शिवाय पोट सतत चालू लागतं. अर्धा दिवस तोंड लावलं नाही तर थेट डॉक्टर.

पाटील ४०३: म्हणजे रात्री २ वाजता धप्प धप्प करतो तो हाच का?

शिल्पा ४०४: घाबरला की मागचे पाय आपटतो. डक्टमध्ये मांजर आली असेल.

देसाई ५०३: वा पाटील! आणि 'वरचे पोळपाट आपटतात' म्हणून तक्रार आमची केलीत. लेखी.

पाटील ४०३: तुमच्या खुर्च्या सरकतातच, तो विषय वेगळा.

कुलकर्णी काका ३०१: कृपया विषयांतर नको. खाचेतलं गवत.

सेक्रेटरी: उद्या १० ते ३ वीज बंद. ट्रान्सफॉर्मरचं काम आहे. पाणी भरून ठेवा.

शिल्पा ४०४: अरे देवा, मे महिन्यात? सशाला तिशीच्या वरचं तापमान झेपत नाही. घाम नाही, अंगावर ही लोकर, कानांतून काय ती उष्णता जाते. आंघोळही घालता येत नाही, धसका घेतो. बर्फाच्या बाटल्या ठेवीन, पण पंखा हवाच. इन्व्हर्टर कुणाकडे आहे?

मंदार १०२: ३०१ कडे 😄

कुलकर्णी काकू ३०१: आण गं इकडेच. हे रोज संध्याकाळी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन वर येतात ते तुझ्याकडेच ना? इथे मात्र नाव घेत नाहीत.

नेने आजी २०२: 😂

कुलकर्णी काका ३०१: साडेनऊला आणा. आधी खाच साफ करून.