मदत हवी आहे: बेंटलीच्या बॉनेटवर रंग सुरकुतला

तांबडी_माती
एअरफिक्सचं प्लास्टिक मॉडेल किट, १/१२ बेंटली, १९३० ची ब्लोअरवाली (इंजिनात दाबाने हवा भरणारा सुपरचार्जर असलेली). काल रात्री बॉनेट आणि डावं पुढचं मडगार्ड स्प्रे केलं. दहा मिनिटांत दोन्हीवर रंग सुरकुतला. पॉलिश पेपर मारून वरून एक जाड कोट दिला तर झाकलं जाईल का? मॉडेल मामाचं आहे आणि तो गणपतीला घरी येतोय, त्याआधी पूर्ण करायची आहे. "नवीन किट घ्या" हे उत्तर कृपया नको.

पाना_पक्कड
रंग कुठला? थिनर कुठलं? प्राइमर मारलं होतं का? फोटो टाका. तोवर वरून काहीही मारू नका.

रिमझिम_ठाणे
ऑगस्टमध्ये स्प्रे करायचंच नाही. हवेत एवढी आर्द्रता असताना थिनर भरकन उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि त्यावर बाष्प धरतं. रंग पांढरट, धुरकट होतो. रिटार्डर (सावकाश उडणारं) थिनर घाला किंवा खोलीत तासभर एसी लावून मग मारा. माझी तीन मॉडेल्स पावसाळ्यात अशीच गेली.

तांबडी_माती
पांढरा नाही झाला, सुरकुतला म्हटलंय. रंग एनसी (नायट्रोसेल्युलोज लॅकर), गाड्यांच्या रंगवाल्याकडून हिरवा मिक्स करून आणलेला. थिनर त्यानेच दिलं. प्राइमर नाही मारलं, प्लास्टिक मुळातच हिरवं आहे.

बेलापूरकर_दिगू
मग कारण समोरच आहे. गाड्यांचं एनसी थिनर पत्र्यासाठी असतं, किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, त्यात विरघळतं. तुमचं प्लास्टिक खाल्लं गेलंय. मॉडेलसाठीचा स्प्रेच वापरायला हवा होता. तामियाचा टीएस-९ ब्रिटिश ग्रीन घ्या, डोळे मिटून.

पाना_पक्कड
दिगू, थांबा. थिनरने प्लास्टिक खाल्लं तर बारीक भेगा पडतात, पृष्ठभाग खरखरीत होतो. सुरकुती वेगळी असते. माती, तापलेल्या दुधावर साय गोळा होते तसं दिसतंय का? तसं असेल तर खाली आधीचा रंग आहे आणि तो उचलला गेलाय. तुमच्या आधी कोणी रंगवलं होतं का?

तांबडी_माती
हो, अगदी सायीसारखं. मामाने सगळी बॉडी, बॉनेट, मडगार्डं ब्रशने हिरवी केली होती. तो मर्चंट नेव्हीत होता, १९७४ मध्ये लिव्हरपूलहून किट आणलं, रंगवलं आणि चाकांच्या तारांपाशी कंटाळून माळ्यावर ठेवलं. पन्नास वर्षांचा वाळलेला रंग, म्हणून लिहिलं नाही.

पाना_पक्कड
हेच पहिल्या ओळीत हवं होतं! तो इनॅमल (तेलावर आधारित रंग) असणार, त्या काळी हंब्रोलच्या छोट्या डब्या असत. इनॅमल कितीही जुना असू दे, वर एनसी पडलं की थिनर त्यात शिरतं आणि तो फुगून उठतो. खाली लॅकर आणि वर इनॅमल चालतं, उलट नाही. वर जाड कोट दिलात तर अजून थिनर आत जाईल. दोन्ही पार्ट प्लास्टिकपर्यंत साफ करावे लागतील.

बेलापूरकर_दिगू
साफ करायला ब्रेक ऑइल. डॉट-३, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी टूथब्रश. मी वीस वर्षं हेच करतोय.

मृगजळ
वीस वर्षं हाताला लावताय ते? विषारी आहे, शिवाय जुनं प्लास्टिक त्याने ठिसूळ होऊ शकतं. साधं डेटॉल घ्या, पाणी न घालता. एक दिवस बुडवा. महत्त्वाचं: बाहेर काढून लगेच पाण्याखाली धरू नका, रंगाचा चिकट गोळा होऊन रेषांमध्ये बसतो. आधी डेटॉलमध्येच घासा, रंग सुटला की साबण, शेवटी पाणी. हातमोजे घाला. आधी मडगार्डच्या आतल्या बाजूला करून बघा.

बेलापूरकर_दिगू
डेटॉलने अ‍ॅक्रिलिक निघतो, पन्नास वर्षांचा इनॅमल नाही.

मृगजळ
निघतो, वेळ लागतो. मी काढलाय.

क्रोमवेडा
तारांची चाकं लावताना एक लक्षात ठेवा. जुन्या किटमधले मऊ विनाइल टायर पॉलिस्टायरीनला चिकटून वर्षानुवर्षं राहिले की त्यातलं मऊ करणारं रसायन रिमला वितळवतं. रिमवर आधी रंगाचा पातळ थर द्या. आणि क्रोमवर (चकचकीत मुलाम्यावर) गोंद धरत नाही, जोडायच्या जागी ते खरवडून काढा.

तांबडी_माती
चाकांचं विचारलं नव्हतं, पण आत्ताच बघितलं, एक टायर रिमला चिकटलाय. धन्यवाद.

लेस्टरची_सई
उशिरा वाचतेय. माती, बाकीची बॉडी अजून मामांच्याच रंगात आहे ना? मग तिला हातच लावू नका. व्हॅन्डन प्लास या बॉडी बांधणाऱ्या कंपनीने या खऱ्या गाड्यांना दिलेली उघडी चार आसनी बॉडी पत्र्याची नव्हती, लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाची होती. बॉनेट धातूचं आणि चमकदार, पण त्यामागची बॉडी मंद दिसायला हवी. मॉडेलवाले सगळीकडे आरशासारखी पॉलिश करतात ते मला खटकतं. तुमच्या मामांचा ब्रशने मारलेला रंग आता चमकत नसेलच. ते कापड म्हणून बरोबर दिसेल.

बेलापूरकर_दिगू
शो-केसमध्ये चमकणारी गाडीच शोभते. आणि ब्लोअर बेंटली म्हणजे त्या काळच्या ब्रिटिश रेसर बर्किनची रेसिंग कार.

लेस्टरची_सई
बर्किनची एक आसनी वेगळी. इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर १९३२ मध्ये ताशी १३७.९६ मैलांचा लॅप मारला ती लाल आहे. हे किट चार आसनीचं.

पाना_पक्कड
आणि ज्यांचं नाव गाडीवर आहे त्या बेंटलीसाहेबांना तो ब्लोअर मुळीच पटला नव्हता. १९३० च्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्लोअरवाल्या गाड्या बंद पडल्या, जिंकली ती बेंटलीचीच बिनब्लोअरची स्पीड सिक्स.

बेलापूरकर_दिगू
त्याच वर्षी पाऊच्या फ्रेंच ग्रांप्रीत बर्किन बुगाट्यांच्या गर्दीत दुसरा आला, तेही चार आसनी घेऊन! ते सोयीस्कर विसरता.

तांबडी_माती
भांडण नंतर करा, प्लीज. मडगार्ड आतून डेटॉलने करून बघितलं. बावीस तासांनी माझा एनसी आणि मामाचा इनॅमल, दोन्ही सालीसारखे सुटले. खालचं प्लास्टिक शाबूत आहे, भेगा नाहीत. बॉनेट आत्ता बुडवलंय.
सईताई, बॉडी खिडकीपाशी धरून पाहिली. रंगात ब्रशच्या केसांच्या उभ्या रेषा आहेत, लांबून खरंच ताणलेल्या कापडासारख्या वाटतात. ती आहे तशीच ठेवतो, फक्त ओल्या फडक्याने धूळ पुसेन. स्प्रे करायचं ते बॉनेट आणि चार मडगार्डं. उरलेली तीन मडगार्डं पण डेटॉलमध्ये घालतोय.
मृगजळ, अर्धा लिटर पुरेल का? बॉनेटचे लूव्हर (हवेच्या फटी) फार बारीक आहेत, तिथे टूथब्रश चालेल की मऊ रंगाचा ब्रश?

मृगजळ
पुरेल, उथळ डबा घ्या. लूव्हरना लहान मुलांचा टूथब्रश. लाकडी टूथपिक भिजवून कोपरे काढा, सुई अजिबात नको.