मांडी घातली की एकच गुडघा वर का राहतो?

सत्यनारायणाला पाटावर बसलो, तर उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर. डावा मात्र निमूट टेकतो. बायको म्हणते, गुडघ्याला तेल चोळा. गुडघाच बिघडलाय का?

↳ गुडघा बिचारा बिजागरी! त्याचं मुख्य काम वाकणं आणि सरळ होणं. मांडी घालताना पाय बाहेर वळतो तो खुब्यात, उखळीच्या सांध्यात. साधारण ४५ अंश वळतो. तेवढं मिळालं नाही की गुडघा हवेत. तेल चुकीच्या जागी चाललंय.

↳ दाबून टेकवू नका हं, खुबा अडला की पीळ गुडघ्यावर येतो. मी बुडाखाली चादरीची घडी घेते.

↳ घेतली. चार बोटं खाली आला! बायकोला अजून सांगितलेलं नाही.