तोरोन्तेसला ‘अत्तराचं पाणी’ म्हणणाऱ्यांसाठी

कडूगोड: काल एकाने इथे लिहिलं, “तोरोन्तेस म्हणजे अत्तर घातलेलं पाणी. स्वस्त म्हणून खपते. कळणारा माणूस शार्डोनेच घेतो.” गप्प बसणार होतो, पण राहवेना. तोरोन्तेस ही अर्जेंटिनाची पांढरी द्राक्षजात, वाइनही त्याच नावाची; शार्डोनेही पांढरीच. ती जिथे पिकते ते साल्ता प्रांतातलं काफायाते सुमारे १७०० मीटर उंचीवर आहे. दिवसा रणरणतं ऊन, रात्री गारठा. द्राक्ष पिकतं, तरी आंबटपणा शाबूत राहतो. तोरोन्तेस रियोहानो ही मस्कट ऑफ अलेक्झांड्रिया आणि क्रियोया चिका या दोन द्राक्षजातींची लेक, हे डीएनएवरून कळलंय. म्हणून वास मस्कटकडचा: गुलाब, जाई, पीच. घोट घ्या, तर चक्क कोरडी, म्हणजे गोडी नसलेली, शेवटी जराशी कडसर. वासावरून गोड समजून नाकं मुरडणाऱ्यांनी ती प्यायलीच नाहीये.

ओकवाला: ते वाक्य माझंच, आणि मागे घेणार नाही. मी प्यायलोय. एका लग्नात दिली होती, डोकं भणभणलं. साबण हुंगल्यासारखं!

कडूगोड: कोमट दिली असणार. आणि किती जुनी होती? ही ताजी असतानाच, गार करून प्यायची वाइन. मुरवायला ठेवली की वास जातो, उरतो फक्त कडवटपणा. शिवाय तोरोन्तेस तीन आहेत. सान्हुआनीनो आणि मेन्दोसीनोला रियोहानोची सर नाही. लेबलवर काय होतं?

ओकवाला: लग्नात लेबल कोण वाचतं? आहेराचं पाकीट सांभाळू की बाटली?

टेम्सकाठी: इथे इंग्लंडात सुपरमार्केटात सहज मिळते, खिशालाही झेपते. आमच्याकडे कोळंबीच्या कालवणाबरोबर ठरलेली. ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली शार्डोने तिखटापुढे लाकडासारखी लागते, क्षमस्व ओकवाला.

पुणेरी_हिशेब: तुम्हाला स्वस्त हो! आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के शुल्क भरणाऱ्यांना विचारा. ‘परवडणारी’ हा शब्द आधी काढा.

निफाडकर: परदेशी द्राक्षाचं कौतुक चाललंय, म्हणून बोलतो. तिकडे हे जुन्या पद्धतीने मांडवावरच घेतात, त्याला ‘पार्राल’ म्हणतात. आमच्याकडे मांडवच मांडव आहेत, पण विचारतो कोण? वाइनची हवा होती तेव्हा काकांनी खायची थॉमसन द्राक्षं काढून वाइनची शेनिन लावली. २००९ नंतर वायनऱ्या आचके देऊ लागल्या आणि करार केलेल्या वायनरीने माल उचललाच नाही. वाइनची द्राक्षं बारीक आणि बियांची, बाजार समितीत कुत्रं विचारत नाही. शेवटी बाग तोडली. वासावर चर्चा करायला तुम्हाला वेळ आहे, बरं आहे.

पुणेरी_हिशेब: म्हणूनच जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने १००० चौरस फुटांवरच्या दुकानांत वाइन ठेवायला मुभा दिली होती ना? लगेच ‘किराण्यात दारू’ म्हणून बोंब ठोकली.

सोलकढी: बोंब ठोकणाऱ्यांत मीही होते. आमच्या गल्लीत दारूने दोन घरं बसलेली पाहिली आहेत. शेतकऱ्याच्या नावाखाली काहीही खपवू नका.

निफाडकर: ताई, ती घरं वाइनने बसली की देशीने? आणि शेतकरी ‘नावाखाली’ नाही, इथेच बसलाय, टाईप करतोय.

सोलकढी: देशीने. मान्य. पण शेल्फवर एकदा वाट मोकळी झाली की बाकीचे येतातच.

ओकवाला: मूळ धागा द्राक्षाचा होता, आठवण करून देतो.

कडूगोड: आता तुम्हाला विषय आठवला! निफाडकर, एक विचारू? खरड छाटणी, ऑक्टोबर छाटणी, सगळं करून आपल्या हवेत या जातीचा वास टिकेल?

निफाडकर: फेब्रुवारीत ऊन चढतं, आंबटपणा झपाट्याने उतरतो. १७०० मीटर कुठून आणू, कळसूबाईच्या माथ्यावर मांडव घालू? तो घातला तरी ५० मीटर कमीच पडतात. शेनिन जमते कारण तिच्यात मुळात आंबटपणा भरपूर. फुकट रोपं दिलीत तर दोन ओळी लावून बघेन, करार मात्र आधी लेखी.

ओकवाला: बरं, गार करून, ताजी, रियोहानो. पाजणार असाल तर येतो. विकत घेणार नाही.

पुणेरी_हिशेब: शुल्क कोण भरणार ते आधी ठरवा.