गेटच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ‘डेडबीफ’ कुठनं आलं?

सेक्रेटरी काका: गेटच्या कॅमेऱ्याचं मशीन पहाटे परत बंद पडलंय, स्क्रीनचा फोटो टाकलाय बघा. आकड्यांच्या मधी डी ई ए डी बी ई ई एफ असं तीन ठिकाणी आलंय, हॅक झालंय काय?

ए-४०२ आजोबा: बीफ?? सोसायटीच्या मशीनवर असलं चालणार न्हाई. कुणी घातलंय ते शोधा आधी.

बी-२०३ ताई: आजोबा, काका, जरा थांबा, हॅक बिक काही नाही. तो शब्द दिसतोय पण खरं तर आकडा आहे. कॉम्प्युटरला शून्य आणि एक एवढंच कळतं, त्या प्रत्येकाला बिट म्हणतात, ते वाचायला आपल्याला लय लांबण लागते म्हणून चार-चार बिटचा एक अंक धरतात, त्याला हेक्स म्हणतात. चार बिटचे १६ प्रकार होतात आणि आपल्याकडं अंक १०च, म्हणून पुढच्या सहाला ए ते एफ अक्षरं दिली. अक्षरं आली की माणूस शब्द जुळवणारच की. हा आठ अंकी म्हणजे बरोबर ३२ बिट, आपल्या मोजणीत ३७३ कोटी ५९ लाख २८ हजार ५५९.

सी-३०१ काकू: मग एवढ्या आकड्यांत हाच कशाला?

बी-२०३ ताई: कारण डोळ्याला लगेच सापडतो काकू. मेमरीची जी जागा रिकामी आहे किंवा वापरून सोडलीय तिथं प्रोग्रॅमर मुद्दाम असा आकडा भरून ठेवतात. चुकून कुणी ती जागा वाचली तर बंद पडताना जी आकड्यांची यादी येते त्यात तो उठून दिसतो. शिवाय तो विषम आहे, मेमरीतल्या जागेचा पत्ता म्हणून वापरला तर बऱ्याच प्रोसेसरवर काम तिथंच अडकतं, आणि अडकलेलं बरं, चुकीचा डेटा घेऊन गुपचूप पुढं गेलेलं वाईट. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या कंट्रोलरवर काम करत होते तेव्हा मशीन रात्री मधीच थांबायचं, आठवडाभर यादीत नुसती शून्यं, काही कळेना. मग सोडलेल्या मेमरीत हा आकडा भरला आणि दुसऱ्याच रात्री चूक सापडली. तेव्हापासून मला हा शब्द दिसला की बरं वाटतं.

ए-१०४ डिप्लोमावाला: ताई, जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमची क्लास फाईल उघडली तर पहिल्या चार बाइट कॅफेबेब असतात!

बी-२०३ ताई: हो, जावा बनवणाऱ्या जेम्स गॉसलिंगनी ठेवलंय ते. गाडीवर एमएच ०९ दिसलं की कोल्हापूरची म्हणून कळतं ना, तसंच, सुरुवातीला ते नसलं तर जावा ती फाईल घेतच नाही. आयफोनवर एखादं ॲप वेळेत हललं नाही आणि सिस्टीमनं बंद केलं तर अहवालात ८बॅडफूड येतं, म्हणजे एट बॅड फूड, खराब खाणं खाल्लं, ओच्या जागी शून्य.

सी-३०१ काकू: हे सगळं इंग्रजीच काय? मराठी बसत न्हाई होय?

बी-२०३ ताई: बसतंय की! रोमनमध्ये लिहून बघा. दादा, बाबा, आबा, डबा, अड्डा, एवढंच काय फाफडा पण, सगळे ए ते एफमध्ये. आणि दादा बाबा सलग लिहिलं तर आठ अंक, बरोबर ३२ बिट. माझ्या आताच्या कामात रिकाम्या जागेला मी तेच भरते.

ए-१०४ डिप्लोमावाला: नाद खुळा! वेबसाइटचा रंग सहा अंकी असतोय ना, दादादा टाकलं तर फिकट राखाडी आला, बाबाबा टाकलं तर जरा गडद.

बी-२०३ ताई: तिन्ही जोड्या सारख्या, म्हणजे लाल हिरवा निळा समान, म्हणून राखाडीच येणार.

ए-४०२ आजोबा: म्हणजे मशीनवाल्यानं मुद्दाम काय केलं न्हाई तर. बरं.

बी-२०३ ताई: नाही आजोबा, उलट त्यानं खूण ठेवलीय म्हणून चूक सापडेल. काका, फोटोत वरच्या दोन ओळी कापल्या गेल्यात, मशीन बंद-चालू करायच्या आधी परत एक पूर्ण फोटो काढा आणि मशीनवाला आला की त्यालाच दाखवा.

सेक्रेटरी काका: जातो खाली, वॉचमनला पण सांगतो बटणाला हात लावू नको म्हणून.